न नासणारं पाणी

४ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! सामानाचा टेम्पो आमच्याआधी दारात येऊन थांबला होता आणि ड्रायव्हरनं आमचाच सोफा खाली उतरवून त्यावर ताणून दिली होती. त्याला उठवायचं जिवावर आलं, इतकी छान हवा होती.

कंपनीनं दिलेलं घर चढावर आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, आणि खिडकीतून थेट खाली झऱ्याची बाग दिसते. मधोमध कुंड, भोवती गोल बाकं आणि बाकांवर ऊन खात बसलेली वयस्कर मंडळी. लोक नवं घर बघताना नळ बघतात, छत गळतं का ते बघतात. बाबांनी सगळ्यात आधी ओव्हनचं दार उघडून आत डोकं घातलं. जन्मभर बेकरी चालवलेला माणूस, दुसरं काय करणार! डोकं बाहेर काढून म्हणाले, चालेल. म्हणजे घर पास.

प्रवासभर त्यांच्या मांडीवर बरणी होती आणि बरणीत 'म्हातारी'. म्हातारी म्हणजे पावाचं आंबवण. आजोबांनी धरलेलं, आणि तेव्हापासून रोज पीठ-पाणी घालून जिवंत ठेवलेलं. आई गेल्यापासून बाबा सकाळी उठून आधी तिची चौकशी करतात, मग माझी. मी वाईट वाटून घेत नाही. वयानं ती मोठीच आहे माझ्यापेक्षा.

एक गंमत. गावात डास नाहीत. माशी नाही. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीजवळून गेलो, तर वास म्हणून नाही. बाबा म्हणाले, जिवंतपणी स्वर्गात आलो की काय! नळालासुद्धा झऱ्याचंच पाणी येतं. गार, हलकं, आणि गिळल्यावर जिभेवर किंचित दगडाची चव. बाबा दोन पेले प्यायले आणि पोटातली जुनी जळजळ बसली म्हणून जाहीर करून मोकळे झाले.

इथं बरे दिवस जातील असं वाटतंय.

७ सप्टेंबर

बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात पाणी तपासणारी अधिकारी म्हणून कामावर रुजू झाले. प्रयोगशाळा माझी एकटीची! मदतीला एक मावशी आहेत. काचसामान धुणं, उकळणं, मांडून ठेवणं हे त्यांचं काम. बोलक्या आहेत. पहिल्याच चहाला सासूचं गाऱ्हाणं सुरू केलं. सासूबाई अजून आहेत, बागेत पहिल्या बाकावर बसतात, आणि कशी काय ती ब्याद टळत नाही, असं म्हणून स्वतःच हसल्या. सासूबाईंचं वय विचारलं तर म्हणाल्या, कोण मोजतंय!

मॅनेजरसाहेबांनी सगळा कारखाना फिरून दाखवला. उंच, इस्त्रीतले, मऊ आवाजाचे. झरा एका काचेच्या खोलीत आहे. तिथून स्टीलचा पाइप भरण्याच्या खोलीत येतो, की पाणी सरळ बाटलीत. मध्ये काही नाही. नैसर्गिक खनिज पाण्याचा नियमच तसा आहे. ते जमिनीतून जसं निघेल तसंच भरायचं. औषध घालून जंतू मारायचे नाहीत, आणि मारावे लागले तर ते पाणी या नावानं विकायचं नाही. म्हणून तर माझ्यासारखीची गरज.

जुने अहवाल चाळले. पटकीचे, शौचातले, पाइपात वाढणारे, सगळे घातक जंतू शून्य. छान. पण साधे जंतूही शून्य? हे मला खटकलं. प्रत्येक झऱ्याचे स्वतःचे जंतू असतात. गरीब, निरुपद्रवी, दगडातल्या क्षारांवर गुजराण करणारे. बाटली भरल्यावर काही दिवस तर त्यांची संख्या वाढतच जाते, हे पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. जिवंत पाण्याची ती खूण आहे. मी आजवर असं निखळ शून्य दोनच ठिकाणी पाहिलंय. उकळलेल्या पाण्यात आणि खोट्या अहवालात.

१२ सप्टेंबर

माझ्या हातानं चाचण्या केल्या. पाणी बारीक छिद्रांच्या कागदातून गाळायचं, कागद जेलीच्या प्लेटवर ठेवायचा, आणि ऊबदार पेटीत ठेवून वाट बघायची. जंतू असतील तर ठिपके उगवतात, एकेक वसाहत. झऱ्याचं पाणी, पाइपातलं, ताज्या बाटलीतलं, गोदामातल्या जुन्या बाटलीतलं. एकही ठिपका नाही. प्लेटा आरशासारख्या.

दाल में कुछ काला आहे. कोणीतरी कुठंतरी काहीतरी मिसळतंय.

घरी वेगळाच शोक. म्हातारी गेली. इथं आल्यापासून ती फुगेनाच. बाबांनी पीठ बदललं, बरणी उन्हात ठेवली, शालीत गुंडाळली, आणि मला दिसू नये म्हणून पाठ करून तिच्याशी बोललेही. आज बरणी उघडून दाखवली. नुसता पांढरा, गुळगुळीत लगदा. आंबला नाही, बुरसला नाही, काहीच नाही. बाबा इतकंच म्हणाले की नासली असती तरी बरं वाटलं असतं.

मी त्यांना खांद्याला धरून बसवलं. नंतर त्यांनी पाणी मागितलं. हल्ली सारखं पितात.

१५ सप्टेंबर

आज दिवसभर चोर शोधला. काचेच्या खोलीपासून बाटलीपर्यंत पाइपाची इंचन् इंच जागा तपासली. कुठे डबा, नळी, दिवा, गुपचूप जोडलेलं यंत्र, काही नाही. क्लोरीन तपासलं, नाही. इतर चार औषधांची शंका होती, तीही फिटली. मॅनेजरसाहेब माझ्यामागे थोडं अंतर ठेवून चालत होते, पाहुणीला बाग दाखवावी तसे. अडवलं नाही. काय शोधताय हेही विचारलं नाही. एकच विचारलं, की घरी आपलंच पाणी पिता ना? मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. भट्टीसारख्या तापलेल्या पंपाच्या खोलीत आम्ही बराच वेळ होतो. माझा सदरा भिजून अंगाला चिकटला. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

माझ्याआधीचा अधिकारी कुठे गेला, हे मी विचारलं. इथेच आहेत, बागेत बसतात, असं म्हणाले.

गेले. शेवटच्या बाकावर एक गृहस्थ हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत. मी ओळख सांगितली, शून्याची शंका सांगितली. त्यांनी मान हळूच वळवली आणि म्हणाले, "शून्य येतंय ना? मग झालं तर."

एवढंच. मी निघाले, तरी त्यांची मान तशीच वळलेली होती.

१८ सप्टेंबर

मुद्दाम काही गोष्टी करून बघितल्या. दुधात झऱ्याचं थोडं पाणी मिसळून ओट्यावर ठेवलं होतं. उन्हाची तिरीप थेट त्यावर. आज चौथा दिवस, आणि दूध ताजं. फाटलं नाही, आंबट झालं नाही. लिंबू कापून ठेवलं, तेही तसंच.

मग डोळे उघडे ठेवून गावात फिरले. बागेच्या मागे झडलेल्या पानांचा ढीग आहे, माझ्या छातीएवढा. वरची पानं या वर्षीची. हात घालून खालची काढली तर तीही पिवळीधमक, अखंड. ढिगाच्या तळाशी माती नाही. पानं कुजल्याशिवाय माती कुठून होणार?

कारखान्याच्या भिंतीशी एक कबूतर पडलेलं दिसलं. मान लुळी, पिसं चकचकीत, पोट मऊ. आत्ताच गतप्राण झालं असावं म्हणून हळहळले. मावशी बादली घेऊन चालल्या होत्या. थांबून बघितलं आणि म्हणाल्या, "ते होय? ते जुनंच आहे."

त्यांच्या अंगठ्याला काच लागलेली आहे. मी आले त्या आठवड्यातली जखम. ती पिकलेली नाही, भरलेलीही नाही. कडा अजून तशाच, कागद कापल्यासारख्या. दुखतं का विचारलं. आठवून बघितल्यासारखं करून म्हणाल्या, नाही.

कोणीच काही मिसळत नाहीये. पाण्यातच आहे जे आहे ते.

२० सप्टेंबर

सापडलं.

आम्ही प्लेटमध्ये जंतूंना खायला घालतो. पाण्यातल्या या गोष्टीला खाणं नकोच असेल, तर ती तिथं दिसणार कशी? म्हणून नुसत्या, खाद्य न घातलेल्या जेलीवर झऱ्याचं पाणी ओतून बाहेरच ठेवलं होतं. आज तिरप्या उजेडात धरलं, तर एक पापुद्रा. रंग नाही, ठिपके नाहीत. सलग, काचेसारखा. दुसऱ्या प्लेटमधली जंतूंची एक धट्टीकट्टी वसाहत उचलून त्यावर ठेवली. जेवून येईस्तोवर पापुद्रा तिच्यावर चढला होता. वसाहत खाल्ली नव्हती. आकार तोच, रंग तोच. फक्त जिवंत नव्हती.

पाणी उकळून बघितलं. पापुद्रा येतोच. बाटलीत बंद करून ठेवलेल्या पाण्यात तर दाट येतो.

मॅनेजरसाहेबांना सांगितलं की माल थांबवा, एकही गाडी बाहेर जाता कामा नये. ते शांतपणे ऐकत होते. मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, एखादा घातक जंतू सापडलाय का. नाही म्हटलं. मग तक्रार काय, असं त्यांना खरोखरच समजेना. शून्य असलेलं पाणी हीच तर आमची ओळख, म्हणाल्या. मी कागदाच्या बाहेरचं काहीतरी बोलते आहे हे मलाच ऐकू येत होतं. खिडकीतून दिसत होतं, गाड्या भरत होत्या.

घरचा नळ बंद केला. गावातल्या दोन्ही दुकानांत पाणी आमचंच. फळांचे रस आणलेत, त्यावर भागवू.

२२ सप्टेंबर

बाबा रस पीत नाहीत. जेवतही नाहीत. किती दिवस? मी कामात होते, लक्षात आलं नाही. ताट समोर येतं, ते हसतात, ताट परत जातं. भूक नाही म्हणतात. बरं वाटतंय म्हणतात. मी कामाला गेले की उतरून बागेत जातात आणि कुंडावर पितात. मावशींनी सांगितलं. पहिल्या बाकावर आता जागा दिलीय म्हणे त्यांना.

आज त्यांना घट्ट मिठी मारली. मग तशीच थांबले. बाबांच्या अंगाला जन्मभर भाजलेल्या पिठाचा वास होता. बेकरी विकली तरी होता. आज नाक मानेत खुपसलं तरी काही नाही. घामाचा नाही, कपड्याचा नाही.

लहान मुलासारखं त्यांचं बोट धरून जेलीवर टेकवलं. माणसाच्या बोटावर शेकडो जंतू असतात, असायलाच हवेत. त्यांच्यावाचून आपलं पोटसुद्धा चालत नाही.

२३ सप्टेंबर

बाबांची प्लेट स्वच्छ.

निघायचं. मी सामान बांधायला घेतलं. बाबांनी कपडे पिशवीतून काढून परत कपाटात रचले, घड्या नीट करून. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, इथं काही दुखत नाही गं." मी रडले. ते माझ्याकडे बघत राहिले, शेजारच्याच्या घरातलं भांडण ऐकावं तसे.

उद्या गाडी मिळते. उद्या नेतेच.

२४ सप्टेंबर

बाबा गेले.

सकाळी खुर्चीत. खिडकीकडे तोंड. हात गार. नाडी नाही. आरसा धरला, छातीला कान लावला, पुन्हा पुन्हा. मला हे काम येतं, जिवंत आहे की नाही ते ओळखणं — तेच तर माझं काम —

दवाखान्याला कुलूप. किती जुनं कोणास ठाऊक. या गावात आजारी कोण पडणार.

मी कोणाला बोलावलं नव्हतं. दुपारी मॅनेजरसाहेब आले, सोबत ते आधीचे अधिकारी. हातात झाकलेला जग. साहेबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले घाबरायचं नाही, पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं. मी म्हटलं, ते गेलेत. साहेब म्हणाले, हो.

बाबांचं तोंड उघडून ओतलं. थोडं थोडं. हनुवटी पुसली. सवयीचं काम.

२५ सप्टेंबर

उठलेत.

खिडकीत उभे आहेत. मला बाळ म्हणाले. चहा करू का विचारतात. छाती हलत नाही. बोलायच्या आधी तेवढा श्वास घेतात, बोलण्यापुरता —

पहिल्या बाकावरची सगळी. सासूबाई. कोण मोजतंय!

कोणाला फोन करू? काय सांगू? वडील गेले आणि चहा विचारतायत?

माझीही प्लेट लावली होती. आज बघायची होती. बघितली.

बघितली. आता लिहायचं काय त्यात.

२६ सप्टेंबर, सकाळ

गाडी मिळाली. बाबा बसले. हट्ट नाही, प्रश्न नाही, मी हात धरला आणि आले. फाटकाशी मॅनेजरसाहेब उभे होते. अडवलं नाही. हात हलवला. का अडवत नाहीत?

शहरात मोठं रुग्णालय आहे. तिथं कोणीतरी —

२६ सप्टेंबर, दुपार

पेट्रोल पंपाशी थांबलेय. इथंच लिहून काढते. लिहिलं नाही तर कोणी मानणार नाही.

घाट उतरल्यावर गाडीत वास आला. पिठाचा, आंबूस. बाबांचा वास! मी ओरडलेच, बाबा, सुटलो आपण. त्यांचा हात दाबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच घाबरलेले दिसले.

मग वास वाढत गेला. पिठाचा राहिला नाही. काचा खाली केल्या. दोन दिवस थांबवून धरलेलं सगळं एकदम — त्यांचा हात, मी दाबला तिथं माझ्या बोटांचे खळगे पडले, ते परत वर आले नाहीत —

म्हणतात, दुखतंय. बाबा म्हणतात, पोरी, आता दुखतंय गं.

२६ — नंतर

पंपाच्या दुकानात गेले. कपाट भरून आमचं पाणी. निळं झाकण. तान्ह्या बाळांसाठीही योग्य, असं वर छापलेलं. एक बाई दुधाच्या बाटलीत तेच ओतत होती, बाळ कडेवर. मी म्हटलं, नका देऊ, त्याला नका देऊ ते. ती नाकाला पदर लावून मागे सरकली. मला वाटलं, बाबांचा वास माझ्या कपड्यांना लागलाय.

बाबांचा नव्हता.

माझ्या मनगटावर — उजव्या —

एक बाटली घेतली. मीच. बाई बघत होती. तिनं बाळाला पाजलं.

गाडीत

देणार नव्हते. शपथ. त्यांनी मागितलं नाही, नुसतं बघत राहिले बाटलीकडे. तोंडाची कड सुटत चालली होती. कुठली मुलगी —

एक घोट दिला.

कण्हणं थांबलं. वास थांबला. हसले. बाळ, तू पण घे म्हणाले.

नाही. रुग्णालय तासाभरावर. लिहीत राहते, लिहिताना तहान कळत नाही. पेन धरवत नाही, नखाखाली काहीतरी सरकतंय, ओलं — दुखतंय, फार दुखतंय — बाटली अर्धी आहे अजून — फक्त ओठ ओले करते, म्हणजे गाडी तरी चालवता येई